सिकलसेलच्या कार्डावर ही एक गोष्ट छापा: आरोग्य विभाग आणि आदिवासी विकास विभागाला खुलं पत्र

सार्वजनिक आरोग्य विभाग आणि आदिवासी विकास विभागातल्या सर्व साहेबांना आणि मॅडमना जोहार.

विषय चारचौघात कोणी काढत नाही असा आहे, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो. सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार, असलेल्या मुलांचं आणि पुरुषांचं लिंग कधी कधी आपोआप ताठ होतं आणि मग उतरतच नाही, मनात तसलं काही नसताना, झोपेत असताना, तास दोन तास चार तास, आणि दुखणं असं की पोरगं उशी तोंडात धरून पडून राहतं. डॉक्टर याला प्रायापिझम म्हणतात, आमची पोरं म्हणतात "कडक झालंय, उतरत नाही". हा वयात येण्याचा भाग नाही आणि पोराचे चाळे तर अजिबात नाहीत. ही इमर्जन्सी आहे. चार तासांच्या वर गेलं की आतली पेशीजाळी मरायला लागते आणि दीड दोन दिवस तसंच राहिलं तर तो मुलगा बहुतेक आयुष्यभरासाठी नपुंसक होतो.

मी स्वतः एसएस पॅटर्नचा, म्हणजे आईबाप दोघांकडून सिकलसेल आलेला पेशंट आहे, गडचिरोली जिल्ह्यातला, आणि आमच्या भागातल्या पेशंटच्या पोरांना दवाखान्यात नेणं आणणं, कार्ड काढून देणं, रक्ताची सोय बघणं हे काम करतो. मला हा त्रास शाळेत असतानाच सुरू झाला. माझे झटके लहान असायचे, तासाभरात उतरायचे, म्हणून मी वाचलो. ज्यांचे उतरले नाहीत अशी पोरं मला माहीत आहेत, आणि त्यातल्या एकाचं इथे सांगायलाच पाहिजे, नाव गाव सोडून.

नववीतला मुलगा, आश्रमशाळेत राहणारा. रात्री कधीतरी सुरू झालं. कोणाला सांगणार, वीस पोरं एका हॉलमध्ये. सकाळी प्रार्थनेला उठला नाही म्हणून ओरडा बसला, मग पोट दुखतंय म्हणाला. दुपारी नेला त्याला दवाखान्यात, तिथे बाकड्याच्या टोकावर बसला, मांडीवर चादरीची घडी, दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलेली, आणि नाव पुकारलं तरी उठेना. केसपेपरवर लिहिलं गेलं लघवीला जळजळ. पातळ औषधाची बाटली आणि दुखण्याची गोळी घेऊन परत शाळेत. चादर बाजूला करून बघितलंच नाही कोणी, आणि पोरगं सिकलसेलचं आहे हे त्याच्या शाळेच्या फाइलमध्ये लिहिलेलं होतं बरं का! संध्याकाळी त्याच्याच मित्राने अधीक्षक सरांना खरं सांगितलं, मग गाडी, मग दुसरा दवाखाना, तिथून सलाइन लावून रेफर, मग तिसरा. तिसऱ्या ठिकाणी सर्जनने सुई टाकून रक्त काढलं तेव्हा ते डांबरासारखं काळं आणि घट्ट निघालं. तोपर्यंत दीड दिवस होऊन गेलेला. डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं की उपचार केलाय पण उशीर फार झालाय, पुढे अडचण राहू शकते. वडील धान कापणी टाकून आलेले, त्यांनी एवढंच विचारलं, सर लग्न होईल ना याचं.

यात कोणा एकाला फासावर चढवायचं म्हणून मी लिहीत नाहीये. अधीक्षक सर चांगले आहेत, दवाखान्यातली मॅडम तर रात्री अपरात्री फोन उचलणारी आहे. त्यांना कोणी कधी शिकवलंच नाही, आणि ते शिकवायचं काम तुमचं आहे.

आता हे होतं का ते थोडं सांगतो, कारण बरेच लोक याला गुप्तरोग समजतात. ताठरपणा म्हणजे लिंगाच्या आतल्या दोन नळकांड्यांसारख्या भागांत रक्त भरणं, आणि काम झालं की ते शिरेवाटे परत जाणं. झोपेत प्रत्येक पुरुषाला रात्रीतून काही वेळा असा ताठरपणा येतो, त्यात काही वावगं नाही. पण सिकलसेलमध्ये रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी वाकड्या आणि ताठ होतात, एकमेकींना अडकतात, आणि बाहेर जायची वाट बंद होते. आत कोंडलेल्या रक्तातला ऑक्सिजन आणखी घटतो म्हणून आणखी पेशी वाकतात, म्हणजे ते चक्र स्वतःच स्वतःला आवळत जातं. म्हणूनच हे बहुतेक वेळा मध्यरात्री नाहीतर पहाटे सुरू होतं. ताप आला, दिवसभर उन्हात राहून पाणी कमी प्यायलं, लघवी तुंबून ठेवली, दारू प्यायली की शक्यता वाढते. ओळखायची खूण पण सोपी आहे, दांडा लाकडासारखा कडक आणि टोक मात्र मऊ. पहिला झटका बहुतेकांना विशीच्या आतच येतो, कित्येकांना बारा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान, म्हणजे नेमका आश्रमशाळेच्या वयात. सिकलसेलच्या पुरुषांमध्ये आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होणारे साधारण तिघात एक तरी असतात असं डॉक्टर लोक सांगतात. हे काही लाखात एक वालं दुखणं नाही साहेब.

आणि तरीही हे सिकलसेलच्या पेशंटला मिळणाऱ्या कार्डावर नाही, पोस्टरवर नाही, पथनाट्यात नाही. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, शून्य ते चाळीस वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन. चांगलं आहे, मनापासून चांगलं आहे, आमच्या गावात तपासणी झाली, लग्नाआधी पॅटर्न जुळवून बघा हे आता म्हातारी माणसं पण सांगतात. पण सगळा जोर पुढच्या पिढीत हा आजार जाऊ नये यावर. जो पोरगा आज एसएस आहे, आज पंधरा वर्षांचा आहे, त्याला आम्ही काय सांगतो? पाणी भरपूर पी, फॉलिक अ‍ॅसिड घे, हायड्रॉक्सियुरिया चुकवू नको, थंडीत आणि पावसात भिजू नको, ताप आला की ये. सांधे दुखतील, छातीत दुखेल, कावीळ दिसेल, हे सगळं सांगतो. कमरेखालचं सांगत नाही. समुपदेशनाला बसलेली बहुतेक वेळा आशाताई नाहीतर सिस्टर असते, समोर पोरगा आणि बाजूला त्याची आई, मग कोण बोलणार?

लाजेमुळे बोलता येत नाही हे मला मान्य नाही, कारण आपल्याच राज्यात हेच लक्षण दुसऱ्या एका आजारात बघायला शिकवलं गेलंय. लाल विंचू. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते तेव्हापासून त्यांनी विंचूदंशाच्या पेशंटकडे बारीक बघितलं, १९८२ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या जगप्रसिद्ध मासिकात त्यांचं काम छापून आलं, त्यात उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणं यांच्या जोडीला पुरुषांमध्ये लिंग ताठ राहणं हेही लिहिलेलं आहे, विष अंगात भिनलं आणि आता हृदयाला धोका आहे याची आधीच मिळणारी खूण म्हणून. पुढे प्राझोसिनच्या गोळीने कोकणातले किती जीव वाचले ते सगळ्यांना माहीत आहे, २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाच्या पेशंटमध्ये ती नुसती खूण असते, विष उतरलं की ती जाते, आणि आमच्या पोरांमध्ये तोच मुख्य आजार असतो, एवढा फरक. पण एका सरकारी केंद्रातला डॉक्टर पेशंटचे कपडे बाजूला करून बघतो, लिहून ठेवतो, दुसऱ्यांना शिकवतो, हे महाराष्ट्रात झालेलं आहे. मग गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नंदुरबार, मेळघाट, पालघरमध्ये का होऊ नये?

माझं मागणं तसं थोडंच आहे. सगळ्यात पहिलं, मुलाला झटका यायच्या आधी कळलं पाहिजे. दहा अकरा वर्षांचा झाला की पुरुष आरोग्यसेवकाने नाहीतर डॉक्टरने त्याला एकट्याला बाजूला घेऊन पाच मिनिटं बोलायचं, आणि बापाला वेगळं, आईला पण सांगायचं, कारण रात्री पहिला आवाज तिलाच जाणार आहे. शब्द साधे वापरा. "झोपेतून उठलास आणि कडक झालंय, दुखतंय, उतरत नाही, तर लघवी करून ये, दोन ग्लास पाणी पी, थोडं चाल, कोमट पाण्याने अंघोळ कर, दुखण्याची तुझी नेहमीची गोळी घे. बर्फ लावायचा नाही, गारव्याने सिकलचं दुखणं वाढतं. दाबून, चोळून, बांधून काही होत नाही, लेप लावू नको. दोन तासांत उतरलं नाही तर रात्र असो पाऊस असो, निघायचं." चार तास हा धोक्याचा आकडा आहे पण आमच्याकडे रस्ते लांब आहेत, सिरोंच्याहून नागपूर ३०० किलोमीटरच्या वर, पावसाळ्यात पर्लकोटा नदी भरली की भामरागडचा रस्ताच बंद, त्यामुळे आमच्या पोरांनी चारची वाट बघत बसायचं नाही, दोनलाच निघायचं. आणि तासाभरात आपोआप उतरणारे झटके वारंवार येत असतील तर तेही पुढच्या तपासणीला सांगायचंच, कारण मोठा झटका बऱ्याचदा त्यांच्या मागून येतो. मला हे कोणीच सांगितलं नव्हतं.

दुसरं आश्रमशाळांचं. अधीक्षकांकडे सिकलसेलच्या मुलांची यादी असते, ती कपाटात नको, रात्री जो ड्युटीवर आहे त्याच्याकडे पाहिजे. मुलगा म्हणाला की खाली दुखतंय, तर हसायचं नाही, रागवायचं नाही, बाकीच्या पोरांसमोर विचारायचं नाही, १०८ ला फोन लावायचा आणि फोनवर खरं सांगायचं, सिकलसेलचा मुलगा आहे आणि लिंगाचा ताठरपणा इतक्या तासांपासून उतरत नाहीये. पोट दुखतंय असं सांगितलं तर पुढचा सगळा रस्ताच चुकतो, गाडी कुठे न्यायची तेही चुकतं. आईबाप रानात, मोबाइलला रेंज नाही, सही कोण करणार म्हणून तास जातात, तर याबद्दल आदिवासी विकास विभागाने स्पष्ट लेखी आदेश काढावा की अशा वेळी अधीक्षकाने मुलाला न्यायचं आणि डॉक्टरने उपचार सुरू करायचे, पालकांना वाटेत कळवत राहायचं. शिक्षकांच्या प्रशिक्षणात सापाचं, विंचवाचं, मिरगीचं सांगतात ना, त्यात हे एक घाला.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं दवाखान्यांचं, आणि इथे मला जरा सविस्तर बोलू द्या कारण खरा वेळ इथेच जातो. सिकलसेलचा पेशंट दिसला की सलाइन, ऑक्सिजन, दुखण्याचं इंजेक्शन आणि रेफर, ही ठरलेली पद्धत आहे. सलाइन आणि दुखण्याचं औषध पाहिजेच, पोरगं तडफडत असतं. पण नुसतं तेवढं करून वाट बघत बसायचं नाही, जगभरचे युरोलॉजीवाले, म्हणजे लघवीच्या आणि लिंगाच्या आजारांचे तज्ज्ञ, हेच सांगतात, सिकलसेल असो वा नसो. रक्त बदलायची सोय होईपर्यंत थांबू हेही नाही. उपचार म्हणजे जागा बधिर करून बाजूने सुई टाकायची, कोंडलेलं रक्त ओढून काढायचं, सलाइनने धुवायचं, आणि गरज पडली तर रक्तवाहिन्या आवळणाऱ्या फिनाइलएफ्रिनचं इंजेक्शन पातळ करून तिथेच थोडं थोडं द्यायचं, मोठ्या माणसाला एका वेळी १०० ते ५०० मायक्रोग्रॅम, तीन ते पाच मिनिटांच्या अंतराने, साधारण तासभर, बीपी आणि नाडीवर नजर ठेवून. लहान मुलांचा डोस वेगळा, तो तज्ज्ञाला विचारून. त्यानेही नाही उतरलं तर ऑपरेशन करून रक्ताला दुसरी वाट काढून देतात, ते मात्र मोठ्या दवाखान्यातच होणार.

आता सांगा, यातली पहिली पायरी उपजिल्हा रुग्णालयात का होत नाही? स्कॅल्प व्हेनची बारीक सुई आहे, सिरिंज आहे, सलाइन आहे, जागा बधिर करायचं लिग्नोकेन आहे, बीपीचं मशीन आहे. फिनाइलएफ्रिन म्हणजे तर सिझरच्या वेळी पाठीत भूल दिल्यावर बाईचं बीपी पडलं की भूलतज्ज्ञ वापरतात ते इंजेक्शन. जिथे सिझर होतं तिथे ते ठेवणं कठीण नाही. कमी आहे ती सर्जन नाहीतर ट्रेनिंग घेतलेल्या एमओची (मेडिकल ऑफिसरची) तयारी, आणि वरून कोणीतरी लेखी सांगण्याची की हे तुम्ही करा, विभाग तुमच्या पाठीशी आहे. तरुण एमओ मला स्वतः म्हणाले आहेत, भाऊ एकदा कोणी करून दाखवलं तर आम्ही करू, पण कधी बघितलंच नाही. मग मेडिकल कॉलेजच्या युरोलॉजीवाल्यांना वर्षातून एकदा जिल्ह्यात बोलवा, एक दिवसाचं ट्रेनिंग ठेवा, आणि रात्री फोनवर विचारता येईल असा एक नंबर एमओंना द्या. रेफर करावंच लागलं तर कागदावर लक्षण सुरू झाल्याची वेळ लिहा. किती वाजता सुरू झालं हे एक वाक्य त्या कागदावरचं सगळ्यात कामाचं वाक्य आहे आणि तेच कधी लिहिलेलं नसतं.

इथे एक गोष्ट जोडतो. सिकलसेल माहीत नसलेला एखादा मुलगा हेच घेऊन आला तर त्याची सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलसेलची प्राथमिक तपासणी, आणि साधी रक्ततपासणी लगेच करा, कारण काही जणांचा सिकलसेल याच दुखण्यातून पहिल्यांदा कळतो, आणि क्वचित ब्लड कॅन्सरही. सिकलसेल नसलेल्यांनाही हे होतं, ट्रॅझोडोनसारखी झोपेची आणि नैराश्याची गोळी, मानसोपचारातली काही औषधं, ताठरपणासाठी लिंगात घेतलेलं इंजेक्शन, यांनी होऊ शकतं, तर ती औषधं लिहिणाऱ्यांनी पेशंटला दोन वाक्यं सांगून ठेवावीत. मार लागल्यावर होणारा एक वेगळा प्रकार असतो, त्यात दुखणं कमी आणि कडकपणा अर्धवट, त्याला इतकी धावपळ लागत नाही, पण तो कोणता आणि हा कोणता हे डॉक्टरनेच तपासून ठरवायचं, घरच्यांनी नाही.

किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे, मैत्री क्लिनिक आहेत, तिथे मुलींच्या पाळीबद्दल आता मोकळेपणाने बोललं जातं आणि ते किती छान झालंय ते आमच्या घरातल्या मुलींकडे बघून कळतं. पॅड मिळतात, अ‍ॅनिमियाच्या गोळ्या मिळतात, ताई विचारतात. मुलांना कोणी काही विचारत नाही. आमच्या समाजातला पोरगा बापाशी बोलत नाही, सरांशी बोलत नाही, मित्राशी बोलला तर चिडवतात, मग तो पुजाऱ्याकडे जातो नाहीतर बाजारातल्या तंबूवाल्या वैद्याकडे, आणि तिथे जातो तेव्हा त्याच्या हातातले तास संपलेले असतात. काही जण कुठेच जात नाहीत. असे दोन जण मला माहीत आहेत, लग्नाचा विषय निघाला की घर सोडून निघून जातात, घरच्यांना वाटतं पोराचं डोकं फिरलंय, देवाचं करतात. सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग कायद्यात घेतला गेला, आम्हाला प्रमाणपत्र मिळायला लागलं, पण या पोरांचं जे गेलं ते कोणत्या टक्केवारीत बसवणार? ज्यांचं नुकसान झालंय त्यांच्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी महिन्यातून एक दिवस युरोलॉजिस्ट आणि समुपदेशक बसवा, उपाय आहेत, गोळ्या आहेत, ऑपरेशन आहे, पण ते आहेत हेच त्यांना माहीत नाही.

खर्चाचं म्हणाल तर कार्डाच्या मागे तीन ओळी छापायला, गोंडी, माडिया, भिली, पावरी, कोरकूत एक छोटा ऑडिओ बनवायला, आणि दोन पानांचं परिपत्रक काढायला कितीसा खर्च येतो. मोठ्या मशीनची मागणी नाही, नवीन इमारतीची नाही.

दरवर्षी १९ जूनला सिकलसेल दिन होतो, आश्रमशाळांमध्ये रॅली निघते, पोरं फलक घेऊन चालतात. येत्या १९ जूनच्या आधी हे परिपत्रक निघावं आणि त्या दिवशी मुलांच्या वसतिगृहात, मुली आणि पाहुणे नसताना, एका पुरुष डॉक्टरने अर्धा तास बसून हे बोलावं, प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्यावेत म्हणजे नाव कळत नाही. आमच्याकडून जे लागेल ते करू. कार्डावरच्या ओळी आम्ही लिहून देतो, भाषा तपासून देतो, ज्या पोरांना बोलायचं आहे त्यांना घेऊन येतो, त्यातला तो नववीतला मुलगा आता बारावीला आहे आणि तो स्वतः म्हणाला की मी सांगतो लहान पोरांना, फक्त मोठ्या साहेबांकडून परवानगी आणा. ती परवानगी मागायलाच हे पत्र आहे.

आपला,
सिकलसेलचा एक पेशंट आणि पेशंटांसोबत काम करणारा, गडचिरोली जिल्हा